संगणकाची झोप आणि विजेचे अर्थकारण

सायंकाळी कचेरी सुटते, शिपाई दिवे-पंखे बंद करतो, दाराला कुलूप लागते. आणि तरीही टेबलाटेबलांवरचे संगणक चालूच राहतात. एखाद्या पडद्यावर रंगीत चित्र इकडून तिकडे तरंगत असते. दुसरा पडदा काळा झालेला असला, तरी खालच्या पेटीतील पंख्याची घरघर थांबलेली नसते. ज्या महाराष्ट्राने वर्षानुवर्षे भारनियमन सोसले, ज्या घरांतून खोलीबाहेर पडताना दिवा न मालवणाऱ्याला वडीलधाऱ्यांची बोलणी खावी लागत, तेथील कार्यालयांत हे दृश्य दिसावे ही विसंगती खरी. परंतु त्यात आश्चर्य नाही. दिवा जळत असल्याचे डोळ्यांना दिसते, संगणक वीज खात असल्याचे दिसत नाही. शिवाय दिव्याचे बटण दाराजवळ असते व ते कोणीही दाबू शकतो. संगणकाची ‘सेटिंग्ज’ कोठे दडलेली आहेत हे पुष्कळांना ठाऊक नसते. आणि ज्यांना ठाऊक असते ते ‘कार्यालयाच्या यंत्राला हात कशाला लावा’ असा व्यवहारी विचार करून गप्प बसतात.

वास्तविक हे काम माणसाने आठवणीने करावे, अशी गरजच आता उरलेली नाही. संगणक आपला वेग, पडद्याचा उजेड व स्वतःची जाग स्वतःच कमी-जास्त करू शकतो. त्यामागचे तत्त्व साधे आहे. संगणकाच्या मेंदूला, म्हणजे प्रोसेसरला, लागणारी वीज स्थूलमानाने त्याच्या वेगाच्या प्रमाणात आणि त्याला पुरवलेल्या व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग निम्म्यावर आणला आणि त्याबरोबर व्होल्टेज एक पंचमांशाने उतरवता आले, तर ही वीज जवळजवळ एक तृतीयांशावर येते. पत्राचा मसुदा टंकलिखित करणाऱ्याला यंत्राच्या पूर्ण वेगाची आवश्यकता नसते. दोन अक्षरांच्या मधल्या क्षणांत प्रोसेसर अक्षरशः रिकामा बसलेला असतो. ही रिकामी वेळ ओळखून वेग उतरवणे आणि काम येताच तो चढवणे हे यंत्र सेकंदाच्या अत्यल्प भागात करते व वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यापुढची पायरी निद्रेची. हलक्या निद्रेत केवळ स्मृती जागी ठेवण्यापुरती, म्हणजे एक ते तीन वॅटच्या आसपास वीज खर्च होते. गाढ निद्रेत स्मृतीतील सर्व मजकूर तबकडीवर उतरवून यंत्र जवळजवळ पूर्ण बंद होते आणि उठल्यावर जेथे काम थांबले होते तेथूनच पुढे चालू करते.

या सोयींचा उगम कोठे झाला हे पाहण्यासारखे आहे. इंटेल व मायक्रोसॉफ्ट यांनी १९९२ मध्ये वीजनियंत्रणाची एक सामायिक पद्धत आखली आणि १९९६ मध्ये तोशिबाला बरोबर घेऊन तिची अधिक प्रगत आवृत्ती आणली. या सर्व खटाटोपामागची पहिली निकड होती ती बॅटरीवर चालणाऱ्या, हाती नेण्याच्या संगणकाची. तेथे टंचाई प्रत्यक्ष होती आणि तिचा चटका वापरणाऱ्यालाच बसत होता. प्रवासात बॅटरी संपली की काम थांबले! त्यामुळे लॅपटॉपधारकाने पडदा मंद होणे, यंत्र आपोआप निजणे हे सारे विनातक्रार स्वीकारले. तेच तंत्र मेजावरच्या संगणकात आले तेव्हा मात्र ते पुष्कळ ठिकाणी निकामी ठरले. तेथे वीज भिंतीतून येते, ती संपत नाही आणि तिचे बिल दुसराच कोणी भरतो. तंत्र एकच, माणूसही तोच. परंतु किंमत कोणाच्या खिशातून जाते हे बदलताच वर्तन बदलले.

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत याचे नेहमीचे उदाहरण घरमालक आणि भाडेकरू यांचे असते. फ्रिज किंवा गिझर मालक विकत घेतो, वीजबिल भाडेकरू भरतो. साहजिकच मालक स्वस्तातले यंत्र आणतो आणि ते वीज किती खाईल याची चिंता करीत नाही. कार्यालयात तर हा पेच तीन पदरी होतो. यंत्र खरेदी करणारा विभाग वेगळा, वापरणारा लिपिक वेगळा आणि बिल मंजूर करणारा लेखा विभाग आणखी वेगळा. खरेदी विभाग निविदेतील कमीत कमी दर पाहतो. लिपिकाला यंत्र जागे असलेले सोयीचे. लेखा विभागापुढे संपूर्ण इमारतीचे एकच बिल येते. त्यात संगणकांचा वाटा किती, पंख्यांचा किती आणि साहेबांच्या दालनातील वातानुकूलन यंत्राचा किती, हे कळण्याची सोय नसते. अशा स्थितीत अपव्यय होण्यासाठी कोणी बेजबाबदार असावे लागत नाही. प्रत्येकाने आपापले काम चोख केले तरी तो होतोच.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९२ मध्ये ‘एनर्जी स्टार’ ही योजना सुरू केली तेव्हा तिच्या चिन्हासाठी प्रथम निवडलेल्या वस्तू संगणक आणि त्यांचे पडदे याच होत्या. अट अगदी माफक होती : रिकामे असताना यंत्राने ३० वॅटच्या खाली उतरावे. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९९३ मध्ये, अध्यक्ष क्लिंटन यांनी केंद्रीय कार्यालयांनी हेच चिन्ह असलेले संगणक विकत घ्यावेत असा आदेश काढला. सरकार हेच सर्वांत मोठे गिऱ्हाईक असल्यामुळे उत्पादकांनी झपाट्याने ती सोय यंत्रांत घातली. सोय आली, पण ती वापरात आली का? लॉरेन्स बर्कले राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या संशोधकांनी काम संपल्यानंतर कार्यालयांत प्रत्यक्ष फिरून यंत्रांची मोजदाद केली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीचा निष्कर्ष असा की, निम्म्याहून अधिक संगणक कामाच्या वेळेनंतरही चालूच ठेवलेले होते आणि अशा चालू यंत्रांपैकी फारच थोडे निद्रावस्थेत गेले होते. पडद्यांची स्थिती मात्र पुष्कळच बरी आढळली. त्यांतील बहुसंख्य आपोआप मिटलेले होते.

पेटी आणि पडदा यांच्यातील हा फरक बराच बोलका आहे. पडदा मिटल्याने कोणाचे काही बिघडत नाही. माऊसला हात लावताच तो उजळतो. पेटी निजली तर मात्र ती पुन्हा नीट उठेल याची खात्री त्या काळात देता येत नसे. एखादे छपाईयंत्र ओळखेनासे होई, जाळ्याशी असलेला संबंध तुटे, कधी यंत्र उठतच नसे. एकदा अर्धवट भरलेला तक्ता हातचा गेला की माणूस ती सोय कायमची बंद करून टाकतो. आणि यंत्रे सुधारल्यावरही ती पुन्हा चालू करण्याचे त्याला कारण उरत नाही.

आपल्याकडे याला आणखी एका इतिहासाची जोड आहे. बँकांच्या यांत्रिकीकरणाविषयी रंगराजन समितीचा पहिला अहवाल १९८४ मध्ये आला, त्या सुमारास संगणक ही सामान्य लिपिकाच्या दृष्टीने भयाची आणि आदराची वस्तू होती. ती थंड खोलीत असे, पादत्राणे दाराबाहेर काढून आत जावे लागे आणि तिला स्पर्श करण्याचा अधिकार मोजक्यांना असे. गाभाऱ्यातील मूर्तीप्रमाणे जपलेल्या या यंत्राविषयी जे समज रूढ झाले, त्यांतला ‘सारखे बंद-चालू केल्याने संगणक बिघडतो’ हा समज आजही ऐकू येतो. फिरत्या तबकड्यांच्या जुन्या यंत्रांबाबत त्यात थोडेफार तथ्य होते. आजच्या नव्या संगणकांत पुष्कळदा फिरणारी तबकडीच नसते.

असाच दुसरा समज ‘स्क्रीनसेव्हर’चा. पडद्यावर मासे पोहत आहेत किंवा रेषा नाचत आहेत म्हणजे वीज वाचते आहे, असे मानणारे सुशिक्षित लोक कमी नाहीत. नावातच ‘सेव्हर’ असल्यावर तसे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात ही युक्ती जुन्या काचनळीच्या पडद्यांसाठी होती. त्यांवर एकच चित्र तासन् तास स्थिर राहिले तर त्याचा डाग कायमचा उमटे, म्हणून चित्र हलते ठेवीत. तिने वाचत असे ती काच, वीज नव्हे. आजच्या सपाट पडद्यांना तिची गरज नाही, आणि नाचणारे चित्र काढण्यासाठी प्रोसेसरला उलट कामच करावे लागते.

आता थोडा हिशोब मांडू. मेजावरचा एक सर्वसाधारण संगणक आणि त्याचा सपाट पडदा मिळून रिकाम्या स्थितीत सुमारे ६० वॅट वीज घेतात असे धरू. त्यांतले २० वॅट पडद्याचे. निद्रावस्थेत हा आकडा २ वॅटवर येतो. वर्षाचे तास ८,७६०. कामाचे दिवस २५० आणि रोजचे तास आठ धरले तर कामाचे तास २,००० होतात. उरलेले ६,७६० तास यंत्र जागे राहिले तर सुमारे ४०६ युनिट वीज जाते आणि निजले तर १४ युनिटांहूनही कमी. म्हणजे एका यंत्रामागे वर्षाला ३९२ युनिटांचा फरक. सोयीसाठी दर १० रुपये धरला तर ही रक्कम ३,९२० रुपये झाली. चाळीस संगणकांच्या प्रयोगशाळेचा आकडा दीड लाखाच्या वर जातो.

असे आकडे छापून मोकळे होणे सोपे असते आणि वीजबचतीच्या प्रचारपत्रकांत ते तसेच छापले जातात. परंतु महाराष्ट्रातील बहुसंख्य महाविद्यालयांत प्रयोगशाळा बंद होताना सेवक मुख्य बटण खाली पाडतो. अशा ठिकाणी रात्रीची बचत आधीच झालेली असते. तेथे शिल्लक राहते ती दिवसाची रिकामी वेळ : दोन तासिकांमधली, जेवणाच्या सुटीतली, बैठकीला गेलेल्या लिपिकाच्या टेबलावरची. ती दिवसाला तीन तास धरली तर एका यंत्रामागे वर्षाला साडेत्रेचाळीस युनिटे, म्हणजे ४३५ रुपये वाचतात; चाळीस यंत्रांचे १७,४०० रुपये. दीड लाख आणि साडेसतरा हजार यांतील अंतर लक्षात न घेता केलेला कोणताही हिशोब फसवा ठरेल.

या ४३५ रुपयांना दुसरी बाजूही आहे. निजलेले यंत्र उठायला दहा सेकंद लागतात आणि दिवसातून सहा वेळा ते उठवावे लागते असे मानले, तर रोज एक मिनिट, वर्षाला २५० मिनिटे, म्हणजे चार तासांहून थोडा अधिक वेळ जातो. महिना ३५,००० रुपये वेतन असलेल्या लिपिकाचा तास, महिन्याचे २०० तास धरून, १७५ रुपयांना पडतो. म्हणजे ४३५ रुपयांची वीज वाचवण्यासाठी सुमारे सव्वासातशे रुपयांचा वेळ खर्ची पडला. विखुरलेली दहा-दहा सेकंदे खरोखरच कामातून वजा होतात का, याविषयी वाद घालता येईल. पण खिडकीपुढे रांग उभी असताना अंधाऱ्या पडद्याकडे पाहत बसणाऱ्या लिपिकाला तो वाद ऐकवण्यात अर्थ नाही. लोकांची बोलणी त्यालाच खावी लागतात. वीजबचतीचा लाभ संस्थेला आणि तिचा त्रास खिडकीमागच्या माणसाला, अशी वाटणी केली तर ती बचत टिकत नाही, आणि टिकू नये हेच योग्य.

मात्र याच हिशोबातून मार्गही निघतो. पडदा मिटण्याला वेळेची किंमत जवळजवळ शून्य आहे, तेव्हा तो पाच मिनिटांत मिटावा. प्रोसेसरचा वेग उतरण्याला तर किंमतच नाही, तेव्हा ती सोय सदैव चालू असावी. ‘उच्च कार्यक्षमता’ असे भारदस्त नाव वाचून ती काढून टाकण्याची जी हौस दिसते तिला लेखनाच्या व हिशोबाच्या कामात काडीचा आधार नाही. पेटीने स्वतः निजण्याची मुदत मात्र एक तासासारखी सैल ठेवावी. दिवसा ती क्वचितच लागू होईल. रात्री आणि सुट्यांत ती आपले काम चोख बजावील. जेथे रात्री यंत्रे चालूच राहतात तेथे या एका तासाच्या सवलतीमुळे ३९२ पैकी केवळ १५ युनिटे हातची जातात. उरलेल्या ३७७ युनिटांसाठी कोणाचा एक सेकंदही खर्च होत नाही, कारण त्या वेळी टेबलामागे कोणी नसतेच.

मुदत सैल ठेवण्याचे आणखी एक कारण प्रयोगांनी दाखवून दिले आहे. पॅरिस येथील आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या कार्यालयात एका हिवाळ्यात कर्मचाऱ्यांच्या खोल्यांतील तापमान-नियंत्रकांची मूळ सेटिंग खाली आणून पाहण्यात आली; २०१३ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मूळ सेटिंग एक अंशाने उतरवली तेव्हा पुष्कळांनी ती तशीच राहू दिली आणि सरासरी तापमान खाली आले. दोन अंशांनी उतरवली तेव्हा खोल्या गार पडल्या, लोक उठले, त्यांनी नियंत्रकाला हात घातला आणि एकदा हात घातल्यावर तो मनाजोगता वर नेला. आधीच लावून दिलेल्या सेटिंगमध्ये मोठी शक्ती असते. मात्र ती माणसाला उठण्याची गरज भासत नाही तोपर्यंतच. रिचर्ड थेलर यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले ते माणसाच्या अशाच स्वभावाचा अर्थशास्त्रात समावेश केल्याबद्दल. माणूस प्रत्येक पर्यायाचा लाभ-हानी हिशोब करून निवड करतो असे जुने गृहीतक होते. प्रत्यक्षात तो पुष्कळदा काहीच निवडत नाही. समोर जे असते ते चालू ठेवतो.

भारतातही या तत्त्वाचा एक मोठा प्रयोग झालेला आहे. १ जानेवारी २०२० पासून स्टारचिन्ह असलेल्या खोलीच्या वातानुकूलन यंत्रांची मूळ सेटिंग २४ अंश असणे केंद्र सरकारने सक्तीचे केले. यंत्र चालू केले की ते २४ अंशांवर सुरू होते. ज्याला अधिक गारवा हवा त्याने तो स्वतः वाढवावा. तापमान एक अंशाने वर ठेवल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते असा ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचा अंदाज आहे. या आदेशाविरुद्ध मोर्चे निघाले नाहीत, कारण कोणाचे स्वातंत्र्य त्याने हिरावून घेतले नव्हते. पुढे जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी ही यंत्रे २० अंशांच्या खाली जाऊच नयेत असा विचार जाहीर केला, तेव्हा मात्र लगेच चर्चेला तोंड फुटले. सुचवणे आणि अडवणे यांतला फरक सामान्य ग्राहक बरोबर ओळखतो. संगणकाच्या बाबतीतही मूळ सेटिंग बचतीची असावी, परंतु ती बदलण्याची कळ वापरणाऱ्याच्या हाती राहावी. ऑनलाईन परीक्षा देणाऱ्या विद्यार्थ्याचा पडदा प्रश्न वाचता वाचता मिटला आणि तो पर्यवेक्षकाची परवानगी मिळेपर्यंत उजळला नाही, तर त्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने राष्ट्रीय वीजबचतीला काय अर्थ उरेल? केंद्रीय नियंत्रणाच्या नावाखाली सर्व सेटिंग्जना कुलूप लावणाऱ्या संस्था नेमके हेच विसरतात.

संगणक विभागाकडून नेहमी येणारा आक्षेप असा की, रात्री यंत्रांवर सुधारित आज्ञावली चढवायची असते, विषाणू तपासायचे असतात, म्हणून ती जागी हवीत. एके काळी हा आक्षेप रास्त होता. परंतु निजलेल्या यंत्राला जाळ्यावरून संदेश पाठवून उठवण्याची सोय १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून उपलब्ध आहे. अर्धा तास जागे करून काम उरकावे आणि पुन्हा निजू द्यावे. आता तर याच्याही पुढची गोष्ट होऊ लागली आहे. २०२२ मधील आवृत्तीपासून विंडोज ११ ही प्रणाली, जेथे तशी माहिती मिळू शकते तेथे, विजेच्या जाळ्यात स्वच्छ विजेचा वाटा अधिक असलेली वेळ साधून स्वतःची सुधारणा चढवते. एक युनिट दुपारी खर्च होते की रात्री, याला भारतासारख्या देशात महत्त्व येत आहे. दुपारी सूर्याची वीज भरपूर असते. सायंकाळी ती मावळते आणि कोळशावरच्या केंद्रांवर ताण येतो. रात्रभर जागणारा संगणक नेमकी तीच वीज खातो.

नवा, अधिक कार्यक्षम संगणक घेतला की सगळे प्रश्न सुटतील, असे विक्रेते सांगतात. ते त्यांनी सांगावे. तो त्यांचा व्यवसाय आहे. लॅपटॉपसारख्या यंत्राच्या बाबतीत त्याच्या आयुष्यातील कर्बभाराचा मोठा हिस्सा ते कारखान्यात तयार होतानाच पडलेला असतो. वर्षाला काहीशे युनिटे वाचवण्यासाठी चालते यंत्र भंगारात काढणे हा व्यवहार तोट्याचा ठरण्याचा संभव अधिक. सेटिंग बदलायला मात्र भांडवल लागत नाही. वीजबचतीच्या इतर बहुतेक उपायांना, मग तो नवा पंखा असो की छतावरचा सौरसंच, आधी पैसे घालावे लागतात व नंतर ते वसूल व्हायची वाट पाहावी लागते. येथे वाट पाहण्यासारखे काही नाही.

अशा बचतीमुळे विजेची एकूण मागणी घटेल काय? या प्रश्नाला सरळ होकार देता येत नाही. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ले जेव्हन्स याने १८६५ मध्ये कोळशावरील आपल्या ग्रंथात दाखवून दिले होते की, वाफेची यंत्रे कमी कोळशात अधिक काम करू लागली तेव्हा इंग्लंडचा कोळशाचा खप घटला नाही, वाढला; कारण वाफेची शक्ती स्वस्त झाल्याने ती नव्या-नव्या कामांना जुंपली गेली. संगणनाचे तसेच झाले आहे. १९४६ चा एनियाक हा संगणक दीडशे किलोवॅटच्या आसपास वीज घेत असे आणि आज खिशातला फोन त्याहून कितीतरी पटींनी अधिक गणिते करतो. तरीही आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२४ मध्ये जगातील माहितीकेंद्रांनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली. जगाच्या एकूण वापराच्या हा सुमारे दीड टक्का होतो आणि २०३० पर्यंत तो आकडा दुपटीच्या पुढे जाईल, असे ही संस्था म्हणते. ही केंद्रे चालवणाऱ्या कंपन्यांना मात्र घरमालक-भाडेकरूचा पेच नडत नाही. यंत्र त्यांचे, वीजही त्यांची आणि बिलही त्यांचेच. म्हणून गूगलने २०१६ मध्ये आपल्या केंद्रांतील शीतकरणाचे नियंत्रण संगणकाच्या सल्ल्याने करून पाहिले आणि शीतकरणाची वीज ४० टक्क्यांपर्यंत घटल्याचे जाहीर केले. महाराष्ट्रात मुंबई-नवी मुंबईचा पट्टा हे माहितीकेंद्रांचे देशातील सर्वांत मोठे ठाणे झाले आहे. तेथील विजेच्या मागणीपुढे एखाद्या तालुक्याच्या कचेरीतील बारा संगणकांची झोप नगण्य वाटेल. तशी ती आहेही. परंतु त्या कचेरीचे वीजबिल माहितीकेंद्राचा मालक भरत नाही. ते ज्या तुटपुंज्या तरतुदीतून भरले जाते, तिच्यातूनच कागद, शाई आणि गळक्या छताची डागडुजी व्हायची असते.

अनुदानित महाविद्यालयांना हे वेगळे सांगायला नको. वेतनाची रक्कम शासनाकडून येते. वीजबिल भागवायचे ते वेतनेतर अनुदानातून, आणि ते अनुदान किती व कधी येते याचा अनुभव प्राचार्य व कार्यालयीन अधीक्षक यांना पुरेपूर आहे. अशा ठिकाणी वर्षाला १७ हजार रुपये वाचले तर ग्रंथालयाला काही नियतकालिके परत सुरू करता येतील. पण वाचलेली रक्कम ज्या विभागाने वाचवली त्याच्याकडे जाण्याची व्यवस्था नाही. ती सर्वसाधारण खर्चात विरून जाते, किंवा यंदा खर्च कमी झाला म्हणून पुढच्या वर्षीची तरतूदच कापली जाते. सरकारी कार्यालयांत तर मार्चअखेर निधी खर्च करण्याची जी धावपळ उडते ती पाहता बचत करणारा अधिकारी भाबडा ठरतो. प्रयोगशाळेला स्वतंत्र वीजमापक बसवावा आणि मागील तीन वर्षांच्या सरासरीपेक्षा जी रक्कम वाचेल तिचा निम्मा भाग त्याच विभागाच्या हाती ठेवावा, एवढी साधी दुरुस्ती संस्थांना आपल्या पातळीवर करता येण्यासारखी आहे. तिला ना शासननिर्णय लागतो, ना समिती.

खरेदीच्या बाबतीत शासनाला काही करता येईल. संगणकांच्या निविदेत प्रोसेसरची पिढी, स्मृतीची क्षमता, पडद्याचे इंच, तीन वर्षांची हमी यांचा तपशील रकानेच्या रकाने भरून दिलेला असतो. यंत्र कोणत्या सेटिंग्जसह सुपूर्द करावे यासाठीही त्यात एक रकाना घालता येईल : पडदा पाच मिनिटांत मिटणारा, पेटी एका तासाने निजणारी, दोन्ही बदलण्याची मुभा वापरणाऱ्याला, आणि ती कशी बदलावी हे मराठीत छापलेला एक कागद यंत्राबरोबर. शंभर यंत्रांची सेटिंग्ज पुरवठादाराने सुपूर्द करण्यापूर्वी एकदाच लावून देण्याचे काम एका दिवसाचेही नाही. तीच पुढे शंभर टेबलांवर जाऊन लावायची म्हटली तर त्यासाठी माणूस मिळत नाही, हे प्रत्येक कार्यालयाला ठाऊक आहे. विंडोज १० चा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपल्यामुळे अनेक कचेऱ्यांत व शाळांत जुन्या यंत्रांच्या जागी नवी आणण्याचे प्रस्ताव तयार होत आहेत. हा रकाना त्यात घालायचा असेल तर तो मागणीपत्रावर सही होण्यापूर्वी घालावा लागेल.